शेरा : पलीकडून आलेली

पुरवठा निरीक्षक म्हटलं की लोकांना पाणीपुरवठा आठवतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या नायगावच्या सोसायटीत वरच्या टाकीत पाणी चढलं नाही की कुणीतरी माझ्या दाराची बेल वाजवतंच. अहो, मी रेशनवाला! तांदूळ, गहू, साखर आणि रॉकेल हा माझा पुरवठा. नळाशी माझा संबंध तुमच्याइतकाच, सकाळी तोंड धुण्यापुरता.

आमचं काम दोन शब्दांत सांगता येतं. नाव वाढवणे आणि नाव कमी करणे. घरात बाळ आलं, वाढवा. मुलगी सासरी गेली, इथून कमी करा, तिकडे वाढवा. माणूस गेलं, कमी करा. नवऱ्याचं नाव कमी करायला आलेली बाई टेबलासमोर उभी राहून डोळे पुसायची आणि मी म्हणायचो, "इथे अंगठा, इथे सही." दगड नव्हतो मी. पण रांगेत चाळीस माणसं उभी असायची आणि एकीबरोबर रडत बसलो तर उरलेली एकोणचाळीस बोंब मारायची.

तरुण वाचकांना एक सांगायला हवं. मी सांगतोय तो काळ नव्वदीच्या दशकातला. आमचा पालघर जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही ठाण्यात मोडत होतो. आधार नव्हतं. रेशनकार्ड हे नुसतं पोटापुरतं नव्हतं. गॅसची नोंदणी, विजेचं मीटर, मुलाचा शाळाप्रवेश, मतदारयादी, जिथे जाल तिथे पहिला प्रश्न, "रेशनकार्ड आहे का?" नायगाव-विरारला नव्या इमारती उठत होत्या, कोकणातले, देशावरचे, दादर-परळचे नोकरदार तिथे ब्लॉक घेत होते. त्यांना आमचा तांदूळ नको असायचा, जाड असतो म्हणून. कार्ड मात्र हवंच असायचं. एका गृहस्थांनी तर कुटुंबात 'मोती, वय सात' असं नाव चढवून घेतलं होतं. तपासणीला गेलो तेव्हा मोती पलंगाखालून माझ्यावर भुंकला. गृहस्थ म्हणाले, "घरातलाच आहे हो तो." मोतीचं नाव मी स्वतः कमी केलं. त्याआधी त्याने किती वर्षं सरकारी साखर खाल्ली ते देव जाणे.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि लग्नकार्यात मी ते रंगवून सांगतो. आज सांगतोय तो किस्सा मी कुठल्याही लग्नकार्यात सांगितलेला नाही. बायकोलासुद्धा अर्धाच माहीत आहे.

एक वर्ष असं आलं की सगळीकडे एकच विषय. सीमेपलीकडून आलेली माणसं, त्यांना कार्डं दिली कुणी, ती खातात कुणाचं. वर्तमानपत्रात तेच, चहाच्या टपरीवर तेच. वरून परिपत्रक आलं. परदेशी नागरिकाला शिधावाटपाचा लाभ देता येत नाही, तेव्हा वस्त्यांवर जाऊन कार्डं तपासा, संशयास्पद कार्डं ताब्यात घ्या, पुरावा न आल्यास रद्द करा. नियम मला तेव्हा पटला होता, आणि आज ढोंग कशाला करू, तो मोडीत काढा असं मी आजही म्हणणार नाही. धान्य मोजकं यायचं. एकाला दिलं की दुसऱ्याला कमी पडायचं हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो.

तपासणीचा एक अर्ज असायचा. नाव, वय, जन्मगाव, इथे किती वर्षं, घरातली भाषा, पुरावे. आणि सर्वांत शेवटी एक रुंद रकाना, शेरा. बाकीचे रकाने अर्जदार सांगेल तसे भरायचे, शेरा मात्र निरीक्षकाचा. वरचे साहेब काही बाकीचा अर्ज वाचत नसत. ते शेरा वाचत आणि खाली सही करत. मला माझ्या शेऱ्यांचा अभिमान होता. माझे वडील वाईकडे शाळामास्तर होते, त्यांनी मला चार शब्दांत नेमकं लिहायची सवय लावली होती. 'घर बंद. शेजारी सांगतात, सुरतेस गेले.' किंवा 'एकाच चुलीवर दोन कार्डे.' साहेब म्हणायचे, "तुमचा शेरा वाचला की जाऊन बघायची गरजच राहत नाही."

त्यानंतर कुणी जाऊन बघितलंच नाही, हीच तर गोष्ट आहे.

नायगावच्या बाजूला खाडीकाठी एक जुनं गाव आहे. मिठागरात आणि भातशेतीत राबणाऱ्यांचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाबाहेर, मिठागराच्या बांधाला लागून, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या. बिहारचे, तेलंगणाचे, बंगालचे लोक. एका सकाळी मी आणि माझ्याबरोबरचा कारकून तिथे गेलो. कारकून नगरचा, इथे येऊन त्याला महिना झाला होता. मला झाली होती दोन वर्षं. म्हणजे खाडीत भरती कधी येते हेसुद्धा दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं आणि निघालो होतो इथलं कोण नि बाहेरचं कोण ते ठरवायला!

रांगेतली शेवटची झोपडी मजुरांच्याही आधीची होती हे मला मागाहून कळलं; तिच्यात एक म्हातारी होती. काळी, काटकुळी, पाय मिठाच्या पाण्याने चिरलेले. नाव सांगितलं, नामीबाय. कार्ड आणून दिलं ते भिजून भिजून पापडासारखं झालेलं, नवऱ्याचं नाव अर्धं वाचता येत होतं, बाकी शाई पसरलेली.

"जन्मगाव कुठलं, आजी?"

"मी पल्याडची."

"पल्याडची म्हणजे?"

"पल्याडची मंजे पल्याडची. लगीन झालं तवा होडीत घालून आनली मना."

"आणि काही कागद? दाखला?"

"कागद कं कराचाय? होडीन कोन कागद मागतं?" असं म्हणून ती हसली. मग तिने मला विचारलं, "पानी पितंस का, बाबा?"

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. आम्हाला वाटलं घबाड सापडलं. बाकीचे लोक दहा गोष्टी लपवत होते आणि ही बाई पलीकडून होडीत बसून आल्याचं हसत हसत सांगत होती! शिवाय तिची बोली माझ्या कानाला मराठी वाटेना. 'पानी' तर माझ्या गावची शेतकरी माणसंही म्हणत, पण ती ओळखीची माणसं. हिचे निम्मे शब्द मला समजत नव्हते, आणि मास्तरांच्या मुलाला जी समजत नाही ती मराठी नव्हे असा माझा पक्का समज. मी शेरा लिहिला : 'पलीकडून होडीने आल्याचे स्वतः कबूल करते. पुरावा नाही.' कार्ड ताब्यात घेतलं, पोच दिली. तिने पोचीची चिठ्ठी निरखून पाहिली आणि चोळीत ठेवली. तिला वाटलं, जुनं कार्ड बदलून नवं मिळणार.

तिच्या शेजारची झोपडी रहिमाची. वय पंचवीसच्या आतबाहेर, दोन लहान मुली, नवरा विरारला इमारतीवर गवंडीकाम करायचा. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "हम बंगाल का है साब, इंडिया का. हमारा गाँव नदी के उस पार." जिल्ह्याचं आणि पोस्टाचं नाव तिने धडाधड सांगितलं, कारकुनाने लिहून घेतलं. ट्रंकेतून एक कागद काढून तिने माझ्या हातात दिला. तो बंगालीत होता. मला वाचता येईना, कारकुनाला येईना. तिच्या शेऱ्यात मी लिहिलं : 'नदीपलीकडून आल्याचे सांगते. सादर केलेला कागद वाचता येत नाही, सबब अग्राह्य.' सबब हा शब्द मला फार आवडायचा.

दोन्ही अर्ज साहेबांकडे गेले, सह्या झाल्या, कार्डं रद्द झाली.

तीन महिने गेले. आमच्या शाखेतले अव्वल कारकून होते पास्कल, इथल्याच गिरीज गावचे. त्यांची केळीची वाडी होती आणि कचेरीत येताना डब्याबरोबर हमखास चार वेलची केळी असायची. कमी बोलणारा माणूस. ते एकदा जुन्या फायली बांधत होते. बांधता बांधता थांबले, एक अर्ज काढला आणि हसायला लागले. मग हसणं एकदम थांबलं.

"साहेब, ह्या बाईचं कार्ड तुम्ही रद्द केलं?"

"कोण? ती होडीवाली? हो. तोंडाने कबूल केलंय तिने."

"काय कबूल केलंय? पल्याडची म्हणजे खाडीच्या पल्याडची, साहेब! तिथनं समोर दिसतं ते. ह्या गावातल्या निम्म्या सुना पल्याडच्या. पूर्वी पूल कुठे होता? वरात होडीतनंच यायची." मग अर्ज माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "माझी आई पल्याडची आहे. उत्तनची. तीपण होडीनेच आली. माझं कार्ड देऊ का जमा करून?"

समोरून दिसणाऱ्या, गळा ताणून हाक मारली तर ऐकू जाईल अशा किनाऱ्यावरून नवरी होऊन आलेल्या बाईला मी परदेशी ठरवलं होतं. आणि ठरवणारा मी कोण, तर वाईहून बदली होऊन आलेला.

दुरुस्ती करायची तर टिपण लिहावं लागतं. आमच्या सरकारी मराठीत 'माझी चूक झाली' असं वाक्यच नाही. 'नजरचुकीने' आहे, 'अनवधानाने' आहे, 'लेखनप्रमाद' आहे. मी 'लेखनप्रमाद' लिहिलं. जणू हात घसरला आणि बाई सीमेपलीकडे गेली! पास्कलनी टिपण वाचलं आणि केळं सोलून खाल्लं. साहेबांनी सही केली. नवं कार्ड मी स्वतःच घेऊन निघालो. तेवढी तरी लाज शिल्लक होती.

झोपडीशी पोहोचलो तर नामीबाय आणि रहिमा बाहेर बसून एकाच सुपात तांदूळ निवडत होत्या. मी दिसताच रहिमा उठून आत गेली. मी नामीबायला कार्ड दिलं, चूक झाली म्हणालो. तोंडी म्हणायला काही जात नाही. गेले तीन महिने कसे काढले, असं विचारलं.

"काढलं," ती म्हणाली. "दुकानावं गेलू तं दुकानदार बोलला, तुजा नाव उडालाय. गावातल्या बायका हसल्या मना. बांगलादेशी बोलाया लागल्या. माजी जावबी हसली." तिने रहिमाच्या दाराकडे बोट दाखवलं. "हिनं घातलं मना जेवाया. दोन्ही पोरींचे आंगोदर मना वाढायची."

मी म्हटलं, आता काळजी नको, या महिन्यापासून तुमचं सुरू.

"आनी हिचा?"

"तिचं नाही होणार, आजी. ती इथली नाही."

"मीबी नव्हतू ना इथली? तूच तं लिवलंस."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही खाडीपल्याडच्या, हे मला समजलं नव्हतं."

"ती नदीचे पल्याडची," नामीबाय म्हणाली. "मना सगला सांगितलाय तिनं. पावसान गाव तुटतं तिचं नदीन, घर पडलं, म्हनून आली हिकडं पोटाला. तुना माजी खाडी कलली, तिची नदी नाय कलली?"

आतून रहिमाने तोच बंगाली कागद पुन्हा आणून दिला. या वेळी मी तो परत केला नाही. कचेरीत येऊन पास्कलना सांगितलं आणि दोघांनी मिळून तिच्या जिल्ह्याच्या कचेरीला पत्र तयार केलं. सदर कुटुंब आपल्याकडील रहिवासी आहे किंवा कसे, याबाबत कळवावे. कागदाची नक्कल जोडली. खरं म्हणजे असं पत्र कार्ड रद्द करण्याआधी पाठवायचं असतं. परिपत्रकात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. शंभर अर्ज उरकायचे होते म्हणून मी एकाही अर्जासाठी ते पाठवलं नव्हतं. ही गोष्ट आजपर्यंत कुणी मला विचारली नाही, म्हणून मीच सांगतो.

उत्तराची वाट पाहण्यात दोन महिने गेले. एका दुपारी शाखेच्या दारात नामीबाय उभी. लुगडं धुतलेलं, पाय धुळीने माखलेले. खाडीकाठच्या त्या गावातून आमच्या कचेरीपर्यंत ती चालत आली होती.

"नेली तिला," ती म्हणाली.

पोलिसांची मोहीम आली होती. सकाळी वस्तीवर गाडी आली, कार्ड दाखवा म्हणाले. ज्यांच्याकडे कार्ड होतं ते राहिले. रहिमाकडे नव्हतं, कारण ते माझ्या फायलीत होतं, लाल शाईत 'रद्द' मारलेलं, आणि तिचा बंगाली कागदही तिथेच होता. नवरा, बायको, दोन्ही मुली, चौघांना नेलं होतं. दोन दिवसांत गाडीत बसवून बंगालच्या सरहद्दीकडे पाठवणार असं तिथे कुणीतरी बोललं होतं.

"तू चल," नामीबाय म्हणाली. "तू सांग त्याना, मी लिवलंय ते चुकलंय म्हनून. माजे वक्ताला लिवलंस ना परत? तसा लिव."

"आजी, तो पोलिसांचा विषय आहे. माझ्या हातात नाही."

"तुजेच हातान नाव उडालं."

"चौकशीचं उत्तर आलं की करू."

"उत्तर येवपर ती जाईल."

मी तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. पास्कल गेले आणि टायपिस्टकडून एक कागद करून घेऊन आले. तीन ओळींचं पत्र, पोलिसांच्या नावे. सदर कुटुंबाच्या रहिवासाबाबत या कार्यालयाकडून चौकशी प्रलंबित आहे, उत्तर प्राप्त होईपर्यंत पुढील कार्यवाही करू नये, ही विनंती. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी.

"साहेब, सही करा. मी घेऊन जातो."

मी पत्र वाचलं. एक शब्दही खोटा नव्हता. पण सही केली असती तर पहिला प्रश्न आला असता की चौकशी प्रलंबित आहे, तर कार्ड आधीच रद्द कसं झालं? मग शंभर अर्ज निघाले असते. आणि तो काळ असा होता की अशा माणसांच्या बाजूने चार अक्षरं लिहिणाऱ्याकडे लोक वेगळ्याच नजरेने बघत. माझी मुलगी दहावीला होती. ब्लॉकचं काम चालू होतं. मी स्वतःला ही सगळी कारणं सांगितली आणि म्हणालो, "वरच्या साहेबांना विचारल्याशिवाय बरोबर नाही. ते उद्या येतील."

"उद्या?" पास्कल म्हणाले.

"उद्या."

त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवला.

नामीबाय कचेरी सुटेपर्यंत बाकावर बसून होती. येणारे-जाणारे तिला ओलांडून जात होते. शिपायाने तिला पाणी दिलं, चहा दिला. दर थोड्या वेळाने ती दारातून डोकावून माझ्याकडे बघायची. मला तिचा राग यायला लागला होता, हेही लिहितो. घरी जायची वेळ झाली तेव्हा मी दप्तरखान्यातून मागच्या दाराने बाहेर पडलो. आयुष्यात एवढा घाबरून मी कधी कचेरीतून निघालो नसेन, आणि समोर होती कोण, तर एक म्हातारी.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. ते वाचून म्हणाले, "करा की सही, विचारायचं काय त्यात?" मी सही केली. पास्कल पत्र घेऊन धावत गेले. संध्याकाळी परत आले आणि पत्र माझ्या टेबलावर ठेवून आपल्या जागी जाऊन बसले. सगळ्यांना सकाळच्या गाडीने पाठवून दिलं होतं.

सही आदल्या दिवशी झाली असती तर ते थांबले असते का? माहीत नाही. कदाचित नसते थांबले. एवढ्या वर्षांत मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद घातला आहे स्वतःशी आणि प्रत्येक वेळी त्या बाकापाशी येऊन अडकलो आहे.

जिल्ह्याचं उत्तर आलं ते पावसाळा उलटल्यावर. इंग्रजीत, स्वच्छ टाईप केलेलं. सोबत जोडलेला कागद ही रहिमाच्या वडिलांच्या जमिनीची नोंद असून ती जमीन आता नदीत गेली आहे. सदर कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या याच जिल्ह्यातील रहिवासी असून भारतीय नागरिक आहे. खाली सही, शिक्का.

ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पास्कलनी एकदाच वाचलं आणि म्हणाले, "आजीला सांगायला पाहिजे." मी म्हटलं, तुम्ही जाऊन या. ते म्हणाले, "नाही साहेब."

गेलो. नामीबाय दाराशी बसून बोंबील निवडत होती. शेजारची झोपडी दुसऱ्या कुणाला दिली गेली होती. मी उभ्या उभ्याच पत्र मराठीत करून तिला सांगितलं. ती काम न थांबवता ऐकत होती. नदी, जमीन, पिढ्यान्‌पिढ्या, भारतीय नागरिक, सगळं झालं.

"मना म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "मना कं सांगतंस? तिला सांग."

"ती कुठे आहे कुणाला ठाऊक, आजी. कुठे शोधू?"

तिने पहिल्यांदा मान वर केली. "गाव, पोस्ट, सगला तिनं सांगितलं तवा तुजा मानूस लिवून घेत नव्हता का? कार्ड काढून घेवाला तं गावला पत्ता."

खरंच होतं. पत्ता अर्जावर होता, कारकुनाच्या सुवाच्य अक्षरात. इतके महिने ती कुठे गेली असेल याचा मी विचार करत होतो आणि साधं पत्र टाकायचं मला सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं म्हणजे, सुचू दिलं नव्हतं.

मी परत आलो आणि टिपण लिहिलं. त्यात 'लेखनप्रमाद' लिहिलं नाही. 'चौकशी न करता शेरा लिहिला, तो माझा आहे व चुकीचा आहे,' असं लिहिलं. साहेबांनी भुवया उंचावल्या, पण सही केली. मला ठपका आला, एक वेतनवाढ पुढे गेली. तेवढ्यावर सुटलो. रहिमाच्या नावाने नवं कार्ड केलं, चारही नावं माझ्या हाताने घातली, मुलींची वयं एकेका वर्षाने वाढवून. आणि त्या पत्त्यावर पत्र पाठवलं, मराठी कुणाला कळणार म्हणून हिंदीत. आपलं कार्ड तयार आहे, कधीही येऊन घेऊन जावं. तीन वेळा पाठवलं. पत्र परत आलं नाही आणि उत्तरही आलं नाही.

पुढे पिवळी, केशरी, पांढरी कार्डं आली. जुनी सगळी बदलली गेली. त्या वेळीही मी रहिमाचं कार्ड बदलून घेतलं, तपासणीला समोर माणूस नसताना. नियमाने ते चूक होतं. नामीबाय त्याच सुमारास गेली. तिचं नाव कमी करायला तिची जाऊ आली होती. मी दाखल्यावर शिक्का मारला आणि "इथे अंगठा" म्हणायचं मला जमलं नाही. ते पास्कलनी म्हटलं.

निवृत्तीच्या दिवशी मी नव्या निरीक्षकाला चार्ज देत होतो. पोरगा हुशार, नीटनेटका. कपाटाच्या किल्ल्या घेतल्या, खण रिकामे करता करता त्याच्या हाती रहिमाचं ते कार्ड लागलं. कोरं करकरीत, आत एकाही महिन्याची खूण नाही.

"साहेब, हे काय? इतक्या वर्षांत धान्यच उचललेलं नाही. बोगस दिसतंय. रद्द करून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "यायचीय ती अजून."